धनुष्यावरचे पौंड
धनुष्यावर छापलेले ‘४० पौंड’ हे त्याचे वजन नव्हे. तो ओढभार (प्रत्यंचा २८ इंचांपर्यंत खेचायला लागणारे बळ) असतो. विहिरीतून घागर शेंदता येते, पण तीच वर स्थिर धरून ठेवायची म्हटले की हात थरथरतो, तसेच धनुष्य खेचून धरतानाही होते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हरणाच्या शिकारीला किमान ४० पौंडांची अट आहे. त्यामुळे नवशिके पहिलेच धनुष्य तेवढे घेतात, हे साहजिक आहे. मात्र थरथरत्या हाताचा बाण जनावराला नुसता जखमी करतो, आणि ते फार वाईट.

म्हणून सुट्या पात्यांचे, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग बदलता येणारे, रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) घ्यावे. सरावाला २५-३० पौंडांची पाती, हात बसल्यावर ४५ची. मूठ तीच राहते. नवा खर्च पात्यांचा आणि अधिक ताठ बाणांचा.