शिशात उतरलेली मराठी

छपाईचा खिळा चिमटीत धरला की त्यावरचं अक्षर उलटं दिसतं. ‘कि’ जुळवायचा तर वेलांटी आधी, क मागून. मात्रा वर, उकार खाली, आणि जोडाक्षरांचे खिळे वेगळेच. मराठीची एक ओळ जुळवायला अशा शेकडो खिळ्यांची घरं हाताखाली लागतात. मुंबईत ही कला वाढली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. त्याच्या मुळाशी गॉर्डन हॉल यांची चिकाटी आहे.

मॅसॅच्युसेट्सचे हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये सॅम्युअल नॉट यांच्याबरोबर मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं. परत जाण्याचे हुकूम निघाले. गव्हर्नर नेपियन यांच्याकडे अर्जामागून अर्ज करत दोघं टिकून राहिले. हॉल मराठी शिकले आणि रस्त्यांत, बाजारांत लोकांशी मराठीतच बोलू लागले. पण बोललेलं किती जणांपर्यंत पोचणार? १८१६ मध्ये छपाई जाणणारे होरेशिओ बार्डवेल येऊन मिळाले आणि मार्च १८१७ मध्ये आठ पानांच्या मराठी पुस्तिकेच्या १५०० प्रती छापून झाल्या.

१८२६ मध्ये मराठी नवा करार पुरा छापला गेला. त्याच वर्षी २० मार्चला, नाशिककडच्या दौऱ्यावर असताना, पटकीनं हॉल यांना गाठलं. वय अवघं ४१.

छापखाना मात्र चालत राहिला. थॉमस ग्रॅहॅम यांनी तिथे मराठी टाइप घडवले, त्यांचं वळण सुधारलं. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचं यंत्र उभारलं आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते या शंकेनं लोक छापील पोथी शिवत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. पुढे जावजी दादाजी नावाचा दहा वर्षांचा पोरगा याच छापखान्यात टाइप घासायला लागला. त्यानंच १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथले संस्कृत ग्रंथ काशीच्या शास्त्र्यांनीही प्रमाण मानले.

निर्णयसागरची जुनी प्रत हाती आली की मी पानाच्या पाठीवरून बोट फिरवतो. खिळ्यांचा दाब अजून लागतो. हॉल यांनी हे ग्रंथ पाहिले नाहीत, पण अर्जामागून अर्ज करून ते मुंबईत राहिले नसते, तर टाइप घासायला तो पोरगा गेला असता कुठे?