बिल्टी आपल्या हाती, माल कुणाच्या गोदामात?

२४ एप्रिल २०२५ रोजी क्लोन एक्स या संग्रहातील हजारो चित्रे एकाएकी दिसेनाशी झाली. चित्राच्या जागी काळी पाटी आणि तीवर क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सूचना, की ही सामग्री रोखली आहे. संग्रह सुमारे २० हजार चित्रांचा. तो काढणारी आर्टिफॅक्ट कंपनी बूट बनविणाऱ्या नायकीने डिसेंबर २०२१ मध्ये विकत घेतली होती. एकेका चित्रासाठी लोकांनी हजारो डॉलर मोजले होते. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले, आणि पुढे चित्रे ठेवण्याची भाड्याची सोय स्वस्तातल्या योजनेत गेली, एवढेच निमित्त. चित्रे नंतर परत आली. पण त्या दिवशी मालकीच्या नोंदीत एक अक्षरही बदललेले नव्हते. नोंद शाबूत, माल गायब.

व्यापारी बंधूंना आपल्या भाषेत सांगायचे तर एन.एफ.टी. म्हणजे माल नव्हे, बिल्टी आहे. इथेरियमसारखी ब्लॉकचेन ही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी सामाईक खातेवही. तीत लिहिलेले असते की अमुक क्रमांकाचे टोकन अमुक खात्याचे. सोबत बहुधा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठीत चित्राचे नाव, वर्णन आणि चित्र जेथे ठेवले आहे तेथला दुसरा पत्ता. म्हणजे गोदामे दोन. कोणत्याही एकाला कुलूप लागले की चित्र दिसत नाही. या धंद्याचा पाया असलेला ई.आर.सी.-७२१ हा नियम जानेवारी २०१८ मध्ये मांडला गेला. त्यात हा पत्ता देणे सक्तीचेसुद्धा नाही!

मग चित्रच वहीत का उतरवीत नाहीत? खर्चामुळे. इथेरियमवर कामाचे माप गॅस, आणि त्यावर फी. ३२ बाइटांचा एक खण नव्याने भरायला २० हजार गॅस लागतो. या हिशेबाने एक मेगाबाइटच्या चित्राला साडेपासष्ट कोटी गॅस झाला. २०२२ ते २०२४ या काळात वहीच्या एका पानात, ज्याला ब्लॉक म्हणतात, जास्तीत जास्त ३ कोटी गॅसचे काम मावत होते. एका फोटोसाठी जगाची जवळजवळ बावीस पाने अडवायची! मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज येथे ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलेले बीपल याचे चित्र तर ३०० मेगाबाइटहून मोठे. ते वहीत नाही, बाहेरच आहे. उलट क्रिप्टोपंक्सची १० हजार चित्रे ऑगस्ट २०२१ मध्ये वहीत उतरविता आली, कारण एकेक चित्र अवघे २४ गुणिले २४ ठिपक्यांचे. आपला डिझाइनवाला ग्राफ पेपरवर साडीची बुट्टी भरतो, तेवढाच पसारा.

सर्वांत कच्चे गोदाम म्हणजे विकणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर. मार्च २०२१ मध्ये एका चित्रकाराने ओपनसी या बाजारात विकलेली आपली चित्रे मुद्दाम बदलून त्या जागी गालिच्यांचे फोटो लावले. खरेदीदारांकडे टोकन तेच राहिले. बोलून चालून त्याला हेच दाखवायचे होते. एफ.टी.एक्स.ने मात्र काहीही दाखवायचे ठरविले नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पेढी बुडाली आणि तिच्या बाजारात तयार झालेल्या टोकनांचे पत्ते दिवाळखोरीची माहिती देणाऱ्या पानावर जाऊ लागले.

दुसरी सोय आय.पी.एफ.एस. हिच्याबद्दल गैरसमज फार. येथे पत्ता जागेचा नसतो, फाइलच्या मजकुरातूनच काढलेला ठसा असतो. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो, म्हणून गालिचा घुसविता येत नाही. पण तेथे ठेवले की कायमचे राहिले, हे खरे नाही. कोणाच्या तरी संगणकाने ती फाइल धरून ठेवावी लागते. पिनाटासारख्या कंपन्या हे काम भाड्याने करतात. भाडे थांबले आणि दुसऱ्या कोणी ठेवली नसेल तर फाइल जाते. ठसा म्हणजे कापडाचा डिझाइन नंबर. नंबर वहीत असला म्हणून गिरणीत तागा शिल्लक आहे असे होत नाही.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आर्वीव्हमध्ये भाडे एकरकमी भरतात आणि त्या निधीतून पुढचा खर्च चालतो. साठवणूक वर्षानुवर्षे स्वस्त होत जाईल, या अंदाजावर हा हिशेब उभा आहे. सूत उतरेल म्हणून सौदे करणाऱ्यांना अशा अंदाजांची चांगली ओळख आहे. तरी माझ्या मते पहिल्या दोहोंपेक्षा हे बरे.

आपल्याकडे यावर आयकराची बाजूही आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि विक्रीत बसलेली खोट दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. चित्र गेलेले टोकन मातीमोलाने विकले तरी त्या तोट्याचा कपड्याच्या दुकानाला उपयोग नाही.

खरेदीपूर्वी तपासणे अवघड नाही. इथरस्कॅन या संकेतस्थळावर टोकनचा करार उघडावा, टोकन-यू.आर.आय. या कलमात क्रमांक घालावा आणि पत्त्याची सुरुवात वाचावी. एच.टी.टी.पी.एस. असेल तर बहुधा कोणा कंपनीचे दार, आय.पी.एफ.एस. असेल तर ठसा, ए.आर. असेल तर आर्वीव्ह, आणि डेटा या शब्दाने सुरुवात असेल तर चिठ्ठी वहीतच आहे. मग चिठ्ठी उघडून चित्राचाही पत्ता असाच वाचावा. चिठ्ठी पक्क्या ठिकाणी आणि चित्र कच्च्या, असेही आढळते. हा पत्ता पुढे बदलण्याचा अधिकार विकणाऱ्याने राखून ठेवला आहे काय, तेही विचारावे. ठशाचा माल असेल तर मूळ फाइल उतरवून आपल्या संगणकात ठेवावी. तीच फाइल त्याच पद्धतीने पुन्हा चढविली की ठसा तोच येतो. आणि आपली नक्षी अशी विकू पाहणाऱ्या कारागिराने विक्रीनंतर गोदामाचे भाडे कोण भरणार, किती वर्षे, हे व्यवहाराच्या कागदात आधी लिहून घ्यावे.