एकच वाडा, चार घरं

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पाहून परतताना घरच्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: चूक कोणाची? एकाच रांगेत बसून, एकच नाटक पाहिलेले लोक या प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरं देतात, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी वेगवेगळी नाटकं पाहिली. हा केवळ आवडीनिवडीचा मामला नाही. मेंदू गोष्ट कशी समजून घेतो आणि भावंडं एकमेकांना कसं पाहतात, यांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

एलकुंचवार नागपूरचे, जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. १९८५ साली विजया मेहता यांनी हे नाटक रंगभूमीवर आणलं. पुढे चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये त्याचे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे पुढचे दोन भागही जोडून सलग नाट्यत्रयी सादर केली. गोष्ट विदर्भातल्या एका खेड्यातल्या देशपांड्यांच्या वाड्याची. तात्याजी गेले आहेत. मुंबईचा धाकटा भाऊ सुधीर बायकोसह गावी पोहोचतो तोवर अंत्यसंस्कार उरकलेले असतात. घरी थोरला भास्कर आणि वहिनी, अविवाहित चंदू आणि शिकायचं राहून गेलेली प्रभा. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. तेराव्याचा खर्च कुठून करायचा, दागिन्यांचं काय, शेतीचं काय, एवढाच काय तो विषय. भास्करची मुलगी रंजू दागिने घेऊन मास्तरासोबत पळून जाते, ही त्यातली त्यात मोठी घटना. बाकी सारं साध्या बोलण्यातून आणि बोलता बोलता गप्प होण्यातून घडतं.

आता प्रेक्षकांची मतं पाहा. घरातल्या थोरल्याला भास्कर पटतो. खोट्या प्रतिष्ठेपायी तो कर्ज काढायला निघतो हे खरं, पण गावात तोंड दाखवायचं आहे ते त्यालाच. नोकरीसाठी शहरात गेलेल्याला सुधीर जवळचा वाटतो. गावाकडच्यांना वाटतं हा पैशात लोळतो, आणि याची तिकडची ओढाताण कोणी विचारत नाही. सांगितलं ते काम मुकाट्यानं करत आयुष्य काढलेल्याला चंदूशिवाय दुसरं कोणी दिसत नाही. आणि सभागृहातल्या अनेक बायकांना हे नाटक प्रभाचं वाटतं, कारण भावांची वाटणी चालू असताना तिच्या शिक्षणाचा हिशेब कोणीच मांडत नाही. पाचवं मतही असतंच: “यात काही घडतच नाही!”

पाहणाऱ्याची बाजू डोळ्यांवरही परिणाम करते, हे मानसशास्त्राला ठाऊक झालं त्याला सत्तरहून जास्त वर्षं झाली. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांच्या संघांत फुटबॉलचा धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी त्या सामन्याची फिल्म दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. फिल्म तीच होती. कोणी मुद्दाम खोटं बोलत होतं असंही नाही. मोजायची सुरुवात कुठून करायची, हे त्यांच्या मनानं आधीच ठरवलं होतं.

मग शांत, संथ नाटका-सिनेमांवरच मतं इतकी का फाटतात? न्यूयॉर्कमध्ये संशोधन करताना उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून दृश्यफिती दाखवल्या आणि वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूतल्या हालचाली किती जुळतात ते पाहिलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत हिचकॉकची एक रहस्यकथा पाहताना मेंदूच्या बाह्य आवरणाच्या सुमारे ६५ टक्के भागात सगळ्यांचा प्रतिसाद एका तालात चालला. एका बागेत नुसता कॅमेरा लावून केलेलं चित्रण दाखवलं, तेव्हा हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी भरलं. रहस्यकथा सांगणारा आपलं बोट घट्ट धरतो. कुठे पाहायचं आणि कधी दचकायचं, हे तोच ठरवतो. शांत कलाकृती ते बोट बरंच सैल सोडते. मधल्या मोकळ्या जागा मग प्रेक्षक आपल्याजवळच्या सामग्रीनं भरतो, आणि भावंडांच्या गोष्टीत ती सामग्री आपल्याच घरातली असते. ताल जुळण्याचं प्रमाण म्हणजे कलाकृतीचा दर्जा नव्हे, हे हॅसन यांचाच चमू सांगतो.

सामग्री बदलली की गोष्ट बदलते, हे त्याच परंपरेतल्या २०१७ च्या एका प्रयोगात आणखी स्पष्ट झालं. सॅलिंजर या अमेरिकन लेखकाची एक कथा लोकांना ऐकवली. रात्री एक नवरा मित्राला फोन करून विचारतो, माझी बायको कुठे आहे? एका गटाला आधीच सांगितलं की बायको त्या मित्राकडेच आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं की नवरा संशयी स्वभावाचा आहे. पुढची कथा शब्दाशब्दानं तीच होती. पण अर्थ लावण्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांत प्रत्येक गटातल्यांचा प्रतिसाद आपापल्या गटाशी अधिक जुळला, समोरच्या गटाशी कमी.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातला प्रयोग तर थेट बहिणींवरच आहे. आजारी मोठ्या बहिणीला धाकटीनं मूत्रपिंड द्यावं का, हा पेच असलेल्या ‘माय सिस्टर्स कीपर’ या चित्रपटाची संक्षिप्त आवृत्ती महिलांना दाखवली. एकदा सांगितलं, या सख्ख्या बहिणी. एकदा सांगितलं, धाकटी दत्तक आहे. त्यामुळे आपल्या मतात काही फरक पडला नाही, असं बहुतेकींनी सांगितलं. मेंदूच्या प्रतिसादात मात्र फरक पडला होता. आपण तटस्थपणे पाहतोय असं आपल्याला वाटतं, तेव्हाही नात्याची कल्पना आत काम करत असते.

प्रेक्षकांपुरतं हे ठीक. पण वाड्यातली भावंडं स्वतः तरी काय वेगळं करत होती? आणि आपल्या घरात आपण काय करतो?

एका आईबापाची मुलं एका घरात वाढली म्हणजे एकाच वातावरणात वाढली, असं आपण धरून चालतो. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मधल्या एका गाजलेल्या लेखात या समजुतीलाच हात घातला. भावंडांचे स्वभाव इतके वेगळे का असतात, याच्या उत्तरात प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या अनुभवांचा भाग मोठा असतो, असं त्यांनी मांडलं. विचार केला तर पटतं. थोरल्याच्या लहानपणी वडील तिशीत असतात, खिसा रिकामा असतो आणि हात सैल सुटतो. शेंडेफळाला मिळतात ते पन्नाशीकडे झुकलेले, निवळलेले वडील. मुलीला दिवेलागणीच्या आत घरी यावं लागतं, मुलाला कोणी विचारत नाही. पुढे चाळीस वर्षांनी तीच भावंडं “बाबा कसे होते” यावर भांडतात, तेव्हा बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं.

दुसरी गाठ कष्टांच्या हिशेबाची. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं: घरच्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांत शंभराच्या वर गेली. कारण लबाडीचं नाही. स्वतः रात्री उठून दिलेलं औषध आठवतं, दुसऱ्यानं फोनवर घातलेली समजूत आपण पाहिलेलीच नसते. भावंडांत तर एक नागपुरात आणि दुसरा पुण्यात किंवा परदेशात असतो. न पाहिलेल्या कष्टांचा ढीग मग आणखी मोठा होतो.

तिसरी गाठ लाडकेपणाची. अमेरिकेत जिल सूटर आणि कार्ल पिलमर यांनी वयस्क आया आणि त्यांच्या प्रौढ मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. बऱ्याच आयांना एखादं मूल अधिक जवळचं असतं, पण ते कोणतं याचा मुलांचा अंदाज अनेकदा चुकतो, असं त्यात दिसलं. आपणच आईच्या सर्वांत जवळचे, असं मानणाऱ्या मुलांमध्ये उदासीनतेची लक्षणं कमी नव्हती, उलट अधिक आढळली. लाडकेपणाबरोबर काळजीचं ओझं आणि भावंडांचा हेवाही येतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. वर्षानुवर्षं ज्याचा हेवा केला, तो भाऊ आतून थकलेला असू शकतो.

पाहणाऱ्याचा काळ बदलला की मतही बदलतं. नाटक आलं तेव्हा महाराष्ट्रात वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क नव्हता. राज्यात तो कायदा १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. त्यामुळे १९८५ च्या प्रेक्षकाला प्रभाची मागणी करुण वाटली असेल, तर आजच्या तिशीतल्या मुलीला तो सरळ हक्काचा प्रश्न वाटतो. संहितेतला एक शब्द न बदलता प्रभाचं पात्र मोठं झालं.

हे सारं आरोग्याच्या पानावर कशासाठी? हार्वर्डच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या २२९ पुरुषांची माहिती रॉबर्ट वॉल्डिंगर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तपासली. विशीच्या आधी भावंडांशी संबंध बिघडलेले होते, त्यांना पन्नाशीपर्यंत तीव्र नैराश्य येण्याची शक्यता अधिक दिसली. आईवडिलांशी असलेल्या नात्याचा विचार करूनही हा संबंध टिकला. अभ्यास फक्त पुरुषांचा होता आणि संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. तरी आयुष्यात सर्वांत लांब चालणारं नातं भावंडांचं असतं, आणि ते मनावर खोल ठसा ठेवतं, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आज विदर्भातल्या कित्येक घरांत वाड्याची जागा फ्लॅटनं घेतली आहे. तेराव्याच्या आधीचा प्रश्न मात्र जास्त अवघड झालाय. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला कोणाकडे ठेवायचं? बाबांच्या पक्षाघातानंतर रात्रीची बाई कोणी ठेवायची, गावचं शेत विकायचं का? निर्णय रखडतात आणि त्याची झळ रुग्णाला बसते. काळजी घेणाऱ्याची झोप जाते, रक्तदाब वाढतो, आणि दवाखान्यात तो किंवा ती “काही नाही, थोडी दगदग” एवढंच सांगते.

अशा वेळी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. कामांची यादी कागदावर लिहा: औषधं, आंघोळ, बँक, डॉक्टरांच्या खेपा, रात्रीचं जागरण, पैसे. ज्याचं काम त्याचं नाव समोर लिहा. दूरच्या भावंडानं वर्षातून आठ-दहा दिवस येऊन सगळा भार एकट्यानं उचलावा. खर्चापलीकडचे कष्ट त्याशिवाय कळत नाहीत. पैशाचं बोलणं आईवडील शुद्धीवर आणि हिंडतेफिरते असताना, त्यांच्यासमोर करा, बहिणींना बाजूला न ठेवता. “तुला काही कळत नाही” याऐवजी “त्या वेळी तुझ्या वाट्याला काय आलं?” असं विचारून पाहा. उदासी, झोप न लागणं, कशातच मन नसणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

जिथे मारहाण, फसवणूक किंवा सततचा अपमान झाला आहे, तिथे ‘दोघांचंही खरं’ हे लागू होत नाही. तिथे अंतर ठेवणं हाही आरोग्याचाच निर्णय असतो.

बाकीच्या घरांना मात्र एक सोपा प्रयोग करता येईल. भावंडांनी मिळून असं एखादं संथ नाटक किंवा सिनेमा पाहावा आणि नंतर चूक कोणाची हे न विचारता, तुला कोणाचं वाईट वाटलं, एवढंच विचारावं. मग मध्ये न बोलता, उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.