एरंडाच्या पानातली 40 लाख कोटी दारं

हैदराबादचं काचीगुडा स्टेशन 1916 सालचं, निजामाच्या रेल्वेचं. तिथून महबूबनगरकडे निघालेली गाडी शहर सोडते आणि कोरडवाहू मुलूख लागतो, एकेकाळचा एरंडाचा मुलूख. उजाड गावी एरंड बळी असं म्हणत आपण या झाडाला कायम खालच्या पंगतीत बसवलं. पण त्याच्या एकाच पानाचा हिशेब मांडून बघा.

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी एरंडाच्या पानातली हरितलवकं मोजली होती. एका चौरस मिलिमीटरखाली साधारण 5 लाख! चांगलं पोसलेलं पान 400 चौरस सेंटिमीटरचं धरलं, तर 2,000 कोटी. जगातल्या माणसांच्या अडीचपट.

मला खरं थक्क करतो तो याच्या पुढचा आकडा. हरितलवकाला सुमारे 3,000 तऱ्हेची प्रथिनं लागतात आणि त्याची स्वतःची जनुकं त्यातली शंभरसुद्धा बनवू शकत नाहीत. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ते स्वतंत्र सूक्ष्मजीव होतं. पेशीत वस्तीला आलं आणि त्याची बहुतेक जनुकं हळूहळू पेशीकेंद्रात गेली किंवा लोप पावली. त्यामुळे बाकीची प्रथिनं बाहेर तयार होतात आणि दोन पटलांतली दारं ओलांडून आत येतात. बहुतेकांना अमिनो आम्लांची एक शेपटी असते. दार ती तिकिटासारखी ओळखतं, आणि आत पोचल्यावर ती छाटली जाते. बाहेरच्या पटलातल्या दाराला टॉक म्हणतात, आतल्याला टिक. टिक-236 नावाचं लांबलचक प्रथिन या दोघांना जोडतं, हे 2018 मध्ये कळलं. चारपाच वर्षांत एका शैवालातल्या अख्ख्या जोडयंत्राची रचनाही उलगडली.

वाटाण्याच्या एका हरितलवकावर अशी दारं 1,500 ते 3,500 भरली. एरंडासाठी 2,000 धरू. म्हणजे एका पानात 40 लाख कोटी दारं! पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वाटली तर माणशी 5,000 येतील.

आणि ही दारं राबतात किती! भरात वाढणाऱ्या हरितलवकात मिनिटाला 20,000 पर्यंत प्रथिनं शिरतात. वरच्याच हिशेबाने दर दाराला सहा सेकंदांत एक. एक प्रथिन आत ओढायला अंदाजे 650 एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्ची पडतात. म्हणजे मिनिटाला 1 कोटी 30 लाख, तेही एका हरितलवकात. हवेतला कार्बन पकडणारं प्रथिन म्हणजे रुबिस्को; जगातलं सगळं रुबिस्को सुमारे 70 कोटी टन भरतं. जमिनीवरच्या झाडांत त्याच्या प्रत्येक रेणूतले आठ लहान भाग याच वाटेने आत आलेले असतात.

दारांची संख्या मात्र कायमची ठरलेली नसते. एसपी-1 नावाचं प्रथिन टॉकचे भाग मोडीत काढायला लावतं, हे ऑक्सफर्डच्या पॉल जार्व्हिस यांच्या गटाने दाखवलं. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात एसपी-1 वाढवलं तेव्हा दारं घटली, प्रकाशसंश्लेषणाचा माल कमी आत आला, पेशी जाळणारी ऑक्सिजनची घातक रूपंही कमी झाली. क्षार आणि पाण्याचा ताण ही रोपं इतरांपेक्षा चांगला सोसू शकली.