मिक्सर भरला, म्हणून कोणाचा माईक काढायचा?

एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त रामदासपेठेतल्या एका सभागृहात आम्ही कार्यक्रम घेतला. आधी भीमगीतं, नंतर परिसंवाद आणि शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न. गाण्याच्या संचाची मांडणी झाली तेव्हा साउंडवाले भाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, सोळाच्या सोळा भरले. आता प्रेक्षकांचे माईक काढा लागते." घाई होती, पाहुणे येऊन बसले होते. मी हो म्हटलं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उभी राहिली. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत आणि कॉलेज मात्र फीसाठी निकाल अडवून ठेवतं, यावर ती बोलत होती. तिच्या आसपासच्या दोन-तीन रांगांना तेवढं ऐकू आलं. मंचावरच्या वक्त्यांना काहीच कळलं नाही, म्हणून सूत्रसंचालकाने तिचा प्रश्न आपल्या शब्दांत सांगितला. तिने निकालाचं विचारलं होतं, उत्तर मिळालं अर्ज कसा भरायचा याचं. कार्यक्रमाच्या व्हिडिओत ती नुसती ओठ हलवताना दिसते.

पुढे एका जाणकार मित्राकडून कळलं, की त्या मिक्सरच्या पाठीमागे सहा जागा रिकाम्या होत्या. दोन्ही माईक कसलाही खर्च न करता लागले असते. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला. कार्यक्रम घेणाऱ्या आपल्या पोरापोरींना हे माहीत असलं पाहिजे असं वाटतं, कारण माईक काढायची वेळ आली की गायकाचा किंवा अध्यक्षांचा माईक कधीच निघत नाही. निघतो तो समोर बसलेल्यांचा.

जुन्या ॲनालॉग मिक्सरचा हिशेब सरळ होता. जितकी सॉकेटं, तितकीच उभ्या रांगांची बटणं. १६ म्हणजे १६, संपलं. डिजिटल मिक्सरमध्ये सॉकेट आणि चॅनल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉकेट म्हणजे केबल लावायची जागा. चॅनल म्हणजे मिक्सरच्या आत त्या आवाजाचा स्वर, जाडी, पातळी ठरवणारी व्यवस्था. कोणतं सॉकेट कोणत्या चॅनलला जोडायचं हे आत स्क्रीनवर ठरतं. बहुतेक मिक्सरमध्ये चॅनल जास्त असतात आणि सॉकेटं कमी.

आपल्याकडे भाड्याने बऱ्याचदा दिसणारा बेरिंगर एक्स३२ प्रोड्यूसर घ्या. माईकची सॉकेटं १६, पण आत चॅनल ४०: ३२ मुख्य आणि ८ जास्तीची. म्हणजे मिक्सर 'भरला' असं आपण म्हणतो तेव्हा त्याची अर्धीही ताकद वापरलेली नसते. त्याचेच भाऊबंद असलेले एक्स३२ कॉम्पॅक्ट आणि एक्स३२ रॅक यांचंही तसंच. ॲलन अँड हीथच्या एसक्यू-५ मध्ये माईकची सॉकेटं १६ आणि चॅनल ४८ आहेत, यामाहाच्या टीएफ१ मध्ये १६ आणि ४०.

आता आमच्या त्या दिवसाची यादी बघा. ढोलकीला दोन, तबल्याला दोन, ऑक्टोपॅडला दोन, की-बोर्डला दोन, बँजो एक, पेटी एक, मुख्य गायक एक, कोरसच्या तीन जणी, निवेदक एक, पोडियम एक. झाले सोळा. उरले प्रेक्षकांतले दोन कॉर्डलेस माईक आणि माहितीपटासाठी लॅपटॉपचे डावे-उजवे दोन. एकूण वीस. (लॅपटॉपचा आवाज शेवटी आम्ही त्याच्यासमोर माईक धरून ऐकवला. हसू नका, तुम्हीही केलं असेल.)

प्रोड्यूसरच्या मागे माईकच्या सॉकेटांशिवाय ऑक्सची सहा इनपुट असतात. तिथे साधा माईक चालत नाही, कारण माईकचा सिग्नल फार अशक्त असतो आणि त्याला वर उचलणारा प्रीॲम्प त्या सॉकेटांना नसतो. पण लॅपटॉपचा सिग्नल मुळात दणकट असतो. कॉर्डलेस माईकचंही तेच. त्याचा रिसीव्हर हवेतून आलेला आवाज आधीच वाढवून बाहेर देतो, आणि बहुतेक रिसीव्हरला जॅकचं आउटपुट असतंच. रिसीव्हर मिक्सरशेजारी ठेवायचा आणि जॅकची केबल ऑक्समध्ये लावायची. दोन रिसीव्हर, दोन लॅपटॉपचे, सहापैकी चार जागा गेल्या. वीसच्या वीस बसले असते.

म्हणून काही विकत घेण्याआधी किंवा जास्तीचं भाडं देण्याआधी मिक्सर फिरवून त्याची पाठ बघा.

ऑक्सनेही भागलं नाही तर स्टेजबॉक्स हा रीतसर मार्ग आहे. स्टेजवर ठेवायची ही एक पेटी. तिच्यात माईकची सॉकेटं, त्यांचे प्रीॲम्प आणि काही आउटपुट असतात. तिच्यापासून मिक्सरपर्यंत एकच नेटवर्क केबल येते, मनगटाएवढी जाड स्नेक केबल ओढत आणावी लागत नाही. एक्स३२ घराण्यासाठी बेरिंगरचा एस१६ चालतो: १६ इनपुट, ८ आउटपुट. मिक्सरवर यासाठी एईएस५० नावाचे दोन पोर्ट असतात आणि एकेका पोर्टवरून येण्या-जाण्याचे ४८-४८ चॅनल धावतात. प्रोड्यूसरला एक एस१६ जोडला की माईकची सॉकेटं ३२ होतात. स्टेजवरच्या माईकचा गेनही मिक्सरवर बसूनच कमी-जास्त करता येतो.

इथे तीन ठिकाणी माणसं अडकतात.

पहिली अडचण केबलची. घरच्या इंटरनेटची प्लास्टिक टोकांची केबल लावली तर कधी चालते, कधी मधेच आवाज जातो. एईएस५० ला शील्ड असलेली कॅट५ई केबल लागते आणि तिच्या दोन्ही टोकांना धातूचं कवच हवं. एप्रिल-मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत स्थिर वीज जास्त साठते, आणि शील्ड नीट नसेल तर कोणीतरी पेटीला हात लावताच सिग्नल तुटू शकतो. ही केबल साध्या नेटवर्क स्विचमधूनही नेता येत नाही, सरळ मिक्सर ते पेटी अशीच हवी.

दुसरी अडचण क्लॉकची. दोन डिजिटल यंत्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघांनी एकाच घड्याळावर चालावं लागतं. मिक्सरला मुख्य ठेवायचं आणि पेटीने त्याच्या मागे चालायचं. हे चुकलं की स्पीकरमधून अधूनमधून टक-टक असा आवाज येतो, आणि मग सगळे मिळून ढोलकीवाल्याच्या माईकची पिन बदलत बसतात.

तिसरी राउटिंगची, आणि सर्वात जास्त वेळ इथेच जातो. केबल लावली म्हणजे आवाज आला असं होत नाही. एक्स३२ मध्ये इनपुट आठ-आठच्या गटाने नेमून द्यावे लागतात: चॅनल १ ते ८ ला मिक्सरची स्वतःची सॉकेटं, १७ ते २४ ला पेटीची पहिली आठ, वगैरे. नव्या फर्मवेअरमध्ये एकेक सॉकेट वेगळं निवडायची सोय आहे, पण गट समजल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. ही नेमणूक आदल्या दिवशी करून सीन म्हणून साठवून ठेवली तर सभागृहात अर्धा तास वाचतो.

पेट्या आपापल्या घराण्यातच चालतात हेही लक्षात ठेवा. एसक्यू-५ च्या एसलिंक पोर्टला ॲलन अँड हीथच्या डीएक्स१६८ किंवा एबी१६८ या पेट्या लागतात. टीएफ१ मध्ये आधी एनवाय६४-डी हे कार्ड बसवावं लागतं, मग टिओ१६०८-डी ही पेटी चालते. ती डांटे पद्धतीने बोलते आणि डांटे मात्र साध्या गिगाबिट स्विचवरून जाऊ शकतं.

आणि काही मिक्सर वाढतच नाहीत. टॅबवर चालणारा बेरिंगर एक्सआर१८ छोट्या कार्यक्रमांत फार दिसतो आणि चांगला आहे. पण माईकची १६ आणि लाइनची २ अशा १८ इनपुटवर तो संपतो. त्याच्यावरचं अल्ट्रानेटचं पोर्ट बघून तिथे पेटी लागेल असं वाटतं, पण ते वादकांच्या वैयक्तिक मॉनिटरसाठी आवाज बाहेर देतं, आत काही घेत नाही. अशा वेळी जुना छोटा ॲनालॉग मिक्सर कामाला येतो. कोरसचे चार माईक त्याच्यात एकत्र करायचे आणि तिथून एकच केबल मोठ्या मिक्सरला द्यायची. तीन जागा मोकळ्या होतात. मात्र मग त्या चौघींपैकी एकीचाच आवाज वाढवायचा असेल तर मुख्य ऑपरेटरला ते करता येत नाही, छोट्या मिक्सरपाशी दुसरा माणूस बसवावा लागतो.

आउटपुटचा विचार आपण सहसा करतच नाही. दोन मोठे स्पीकर आणि गायकासमोर एक मॉनिटर लावला की झालं. पण सभागृहातला मिक्स तसाच कॅमेऱ्याला दिला तर रेकॉर्डिंग विचित्र होतं. ढोलकी सभागृहात स्वतःच मोठ्याने वाजत असते, म्हणून मिक्समध्ये ती कमी ठेवलेली असते आणि व्हिडिओत मग ती हरवते. कॅमेऱ्याला वेगळा मिक्स हवा, त्यासाठी वेगळा बस हवा. बस म्हणजे मिक्सरच्या आत तयार होणारं स्वतंत्र मिश्रण. एक्स३२ मध्ये असे १६ बस आणि शिवाय ६ मॅट्रिक्स असतात, पण प्रोड्यूसरच्या मागे बाहेर पडायची मुख्य सॉकेटं आठच. पेटी जोडली की आठ आणखी मिळतात. फक्त एक बघा: एकच बस दोन सॉकेटांना दिला तर दोन्हीकडे तेच ऐकू येतं. सॉकेट वाढलं, मिश्रण वाढलं नाही.

रामदासपेठेसाठी तर आउटपुटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. मागच्यांना ऐकू यावं म्हणून आपण पुढचे स्पीकर वाढवतो. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांचे कान बसतात आणि आवाज रस्त्यापलीकडच्या वॉर्डात जातो. त्याऐवजी मध्यभागी दोन छोटे स्पीकर लावून त्यांना वेगळं आउटपुट दिलं, तर पुढचे कमी ठेवता येतात. मात्र मधल्या स्पीकरला थोडा उशीर द्यावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे २५ मीटर मागे ठेवलेल्या स्पीकरला सुमारे ७० मिलिसेकंद. नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. हा डिले मिक्सरमध्येच देता येतो. पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या दीक्षाभूमीच्या परिसरात विजयादशमीला एकेका स्टॉलचे भोंगे एकमेकांवर ओरडत असतात, तेव्हा मला हा डिले हमखास आठवतो. पण तो वेगळा विषय आहे.

वाढलेल्या इनपुटचा आणखी एक फायदा रेकॉर्डिंगचा. एक्स३२ च्या यूएसबी कार्डवरून ३२ चॅनल लॅपटॉपवर वेगवेगळे साठवता येतात. वस्तीतल्या एखाद्या जुन्या गायकाचा कार्यक्रम असा साठवला, तर त्याचा गळा, पेटी आणि कोरस पुढे कधीही वेगळं काढून ऐकता येईल. मोबाईलवर केलेल्या रेकॉर्डिंगमधून ते होत नाही.

साउंड ठरवताना मी आता फोनवरच विचारते: मिक्सरचं मॉडेल कोणतं, माईकची सॉकेटं किती, चॅनल किती, ऑक्स किती मोकळे, पेटी आहे का, तिची केबल शील्डवाली आहे का. भाऊ आधी जरा चिडतात, मग खुलतात. आपल्या कामाबद्दल त्यांना सहसा कोणी विचारत नाही. त्यानंतर मी त्यांना इनपुटची यादी पाठवते. आता या यादीतल्या पहिल्या दोन ओळी प्रेक्षकांच्या कॉर्डलेस माईकच्या असतात, ढोलकी तिसऱ्या ओळीपासून सुरू होते.