उन्हात गेलेली तबकडी

पापड राखायला बसवलेल्या मुलीने दुसरा कुठलाही उद्योग करू नये, हा धडा मी वयाच्या चौदाव्या वर्षी शिकले. त्याची फी मात्र माझ्याऐवजी आमच्या अण्णांनी भरली. ती हकिगत आज सांगायची आहे. पण त्याआधी वाचकांची एका पारशी मुलाशी ओळख करून दिली पाहिजे.

या मुलाचे नाव फारूख बलसारा. जन्म १९४६ सालचा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांजीबार बेटातला. वडील तिथे सरकारी नोकरीत होते. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला इकडे पाठवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातले. महाबळेश्वरला जाता-येता आपण जिथे स्ट्रॉबेरी घ्यायला उतरतो, त्या पाचगणीत हा पोरगा पियानो वाजवू लागला आणि १९५८ साली चार शाळासोबत्यांना घेऊन त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंदही काढला. १९६३ साली तो घरी परतला. पुढच्याच वर्षी झांजीबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तिथे फारूखचा फ्रेडी मर्क्युरी झाला आणि १९७० साली 'क्वीन' हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली ती १३ जुलै १९७३ रोजी. तिचेही नाव 'क्वीन'च.

त्या काळी इंग्लंडात 'ग्लॅम रॉक' नावाची लाट होती. मार्क बोलन, डेव्हिड बोवी ही तिच्यातली ठळक नावे. पुरुषांनी चेहऱ्याला चमकी लावायची, उंच टाचांचे बूट घालायचे, रेशमी झगे मिरवायचे आणि गिटारीच्या कल्लोळात गायचे, असा तो प्रकार. फ्रेडी आणि मंडळी त्याच लाटेवर पुढे आली.

ही लाट आमच्या अंबाजोगाईपर्यंत पोहोचण्याचे तसे काही कारण नव्हते. पण माझा दादा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता, आणि मुंबईच्या चोरबाजारातून त्याने ती तबकडी पैदा केली. १९७६ च्या मे महिन्यात तो सुट्टीला आला तो बॅटरीवर चालणारा एक रेकॉर्ड प्लेअर आणि ती तबकडी घेऊनच. वेष्टनात कुठल्याशा विलायती मासिकातून कापलेले एक चित्रही होते. त्यात फ्रेडीची नखे काळी रंगवलेली होती.

अण्णा म्हणजे बालगंधर्वांचे निस्सीम भक्त. हिज मास्टर्स व्हॉइसच्या, कुत्र्याचे चित्र असलेल्या त्यांच्या तबकड्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या घड्यांत जपून ठेवलेल्या असत. ते चित्र पाहून ते भडकले.

"पुरुषासारखा पुरुष, आणि नखं रंगवतो? हे थेर माझ्या घरात नकोत!"

दादाही त्यांचाच मुलगा. तो म्हणाला, "बालगंधर्वांनी शालू नेसला तर चालतो ना तुम्हाला?"

"ती रंगदेवतेची सेवा होती. हा धिंगाणा आहे. पुन्हा दिसली ही तबकडी, तर उन्हात फेकून देईन!"

हे वाक्य पुढे फार महागात पडले.

दोन दिवसांनी दादा एका लग्नासाठी परळीला गेला. आईने मला माळवदावर पापड आणि कुरडया राखायला बसवले. एकटीला करमेना. मी गुपचूप प्लेअर वर नेला, छत्रीच्या सावलीत ठेवला आणि आवाज अगदी बारीक करून ती तबकडी लावली. शब्द एक कळत नव्हता. पण त्या गिटारी ऐकून अंगावर काटा आला, हे आज कबूल करते. एक बाजू संपल्यावर तबकडी काढून मी शेजारच्या सुपात ठेवली. तेवढ्यात आईने खालून हाक मारली आणि मी घाईने फक्त प्लेअर उचलून खाली गेले.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरावर; हवा तशी बरी. तरी मे तो मे! जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, पडल्या तर फुटायच्या. तेहतीस फेऱ्यांची ही नवी प्लास्टिकची. ती फुटत नाही, पण उन्हात मऊ पडते. तासाभराने वर येऊन पाहते तो आजूबाजूचे पापड सरळ आणि तबकडीचाच पापड झालेला! मी ती तशीच वेष्टनात सरकवली आणि कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दादाने वेष्टन उघडले. तो तडक अण्णांपुढे जाऊन उभा राहिला. "बोलल्याप्रमाणे केलंत ना शेवटी?"

अण्णांनी तबकडी पाहिली. क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी दाराच्या फळीला चिकटून उभी होते. मग ते इतकेच म्हणाले, "गेली ती गेली. दुसरी आण."

दादा सुट्टी अर्धी टाकून पुण्याला निघून गेला. पुढे तो घरी येई, अण्णांच्या पाया पडे, औषधपाण्याचे पाही. पण गप्पा म्हणून त्या दोघांत पुन्हा झाल्या नाहीत. अण्णा १९९८ साली गेले. मी तोंड उघडले नाही. आधी भीतीने, मग लाजेने, आणि पुढे पुढे निव्वळ सवयीने.

आता तबकडीचे पुढचे पुराण ऐका. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीच ध्वनिमुद्रिका 'क्वीन वन' या नावाने पुन्हा निघाली, आणि खरीखुरी तबकडी म्हणूनही निघाली. माझ्या मुलाने ती मागवली. यंदाच्या राखीपौर्णिमेला दादा आला, तेव्हा राखी बांधून मी त्याच्या हातात ती ठेवली. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हात थरथरले. मुलाच्या नव्या यंत्रावर सुई टेकली. दादा डोळे मिटून बसला आणि दोन मिनिटांत उघडून म्हणाला, "बेबी, हा ढोल आमचा नव्हे."

त्याचा कान खोटा नव्हता. त्याचे असे झाले होते. १९७२ साली या मंडळींजवळ पैसा नव्हता. लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत पैसेवाली गिऱ्हाइके नसतील तेव्हा, उरल्यासुरल्या वेळेत त्यांनी हे गाणे मुद्रित केले. ढोलाचा आवाज त्या स्टुडिओच्या रिवाजाप्रमाणे दबका आणि कोरडा आला, सतरंजीवर काठी आपटावी तसा. तो त्यांना कधीच पसंत नव्हता. पण प्रत्येक वाद्य मूळ फितीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत साठवलेले होते, आणि त्या फिती जपलेल्या होत्या. म्हणून वाजवणे तेच ठेवून त्याची मिसळण नव्याने करता आली. शिवाय त्या वेळी गाळलेले एक गाणे पुन्हा मूळ जागी, चौथे म्हणून, बसवले. दहाची अकरा गाणी झाली.

हे ऐकून दादा हिरमुसला. "म्हणजे मी ज्याच्यावर जीव टाकला, ते त्यांनाच आवडत नव्हतं म्हण की!"

मी म्हटले, "आपल्या गावात दासोपंतांची पासोडी आहे. चारशे वर्षांच्या त्या कापडावर आपण नवी शाई फिरवू का? मग यांनी तरी का फिरवावी?"

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपण नाही फिरवायची. पण दासोपंत स्वतः आले आणि म्हणाले, इथे माझा हात चुकला होता, तर त्यांना कोण अडवणार? ज्यानं केलं त्याला दुरुस्त करायचा हक्क आहे. फ्रेडी १९९१ सालीच गेला. पण ब्रायन मे आणि रॉजर टेलर आहेत ना अजून!"

मला वाटते, त्या वाक्याने माझे कुलूप उघडले. मी सांगून टाकले. माळवद, पापड, सूप, सगळे.

दादाने उठून सुई उचलली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. तो रागावला नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "अण्णांना सांगायला हवं होतंस."

"त्यांना माहीत होतं, दादा."

"त्यांना माहीत होतं, बेबी. मला नव्हतं."

यावर मी काय बोलणार? तबकडी पन्नास वर्षांनी सुधारता येते, कारण तिची मूळ फीत कोणीतरी जपलेली असते आणि ती वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी मागे उरलेले असते. अण्णांची आणि दादाची न झालेली बोलणी कुठल्या फितीवर आहेत?

संध्याकाळी दादाने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. धोतराच्या घड्या तशाच होत्या. त्याने बालगंधर्वांची एक तबकडी बाहेर घेतली, त्याच धोतराच्या टोकाने हलकेच पुसली आणि उजेडात धरून तिच्यावरचे कुत्रे पाहत बसला.

मुलगा म्हणाला, "मामा, ती या यंत्रावर वाजणार नाही. अठ्ठ्याहत्तरची गती आणि वेगळी सुई लागते."

"शोधतो मी," दादा म्हणाला.

परवा त्याचा फोन आला. यंत्र मिळाले आहे. भाऊबीजेला घेऊन येतो म्हणाला. ओवाळणी आणू नकोस, असे मी त्याला बजावून ठेवले आहे.