घोड्याच्या पायांना पट्टी बांधणे : उपयोग, धोके व दक्षता

प्रस्तावना

अश्वपालनात पट्टी ही संरक्षक वस्तू मानली जाते. वस्तुतः चुकीच्या रीतीने बांधलेली पट्टी निरोगी पायासही दुखापत करू शकते. महाराष्ट्रात मुंबईचे महालक्ष्मी व पुण्याचे रेसकोर्स, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि माथेरानची घोड्यांवरील वाहतूक यांमुळे घोडा अद्याप व्यवहारातील प्राणी आहे. पट्टी बांधण्याचे काम मात्र बहुधा मोतद्दाराच्या हाती असते आणि ते पाहून पाहून शिकले जाते. त्यामुळे त्यामागील शरीररचनाशास्त्रीय कारणांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

पायाची रचना

घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो रचनेच्या दृष्टीने माणसाच्या मनगटाशी जुळणारा सांधा होय. या सांध्याखाली स्नायूंचा मांसल भाग जवळजवळ नसतोच. नळीचे हाड, तिच्या मागून जाणाऱ्या कंडरा, अस्थिबंध, रक्तवाहिन्या व त्यांवर पातळ कातडी एवढाच संभार तेथे असतो. माणसाच्या पोटरीवर पट्टी थोडी घट्ट झाली तर स्नायू तो दाब वाटून घेतात. येथे दाब थेट कंडरेवर व रक्तवाहिन्यांवर पडतो. पट्टीचा एखादा पदर अधिक ताणला गेला, किंवा आतील कापडाला चुणी पडली, तर नेमक्या त्याच जागी सूज येते. कंडरेच्या मागच्या बाजूस धनुष्यासारखा फुगवटा दिसू लागतो. दाब दीर्घकाळ राहिल्यास कातडी मरते. जखम भरून आल्यानंतर त्या जागी पांढरे केस उगवतात, आणि जुन्या चुकीची ती खूण जन्मभर राहते.

पट्टी कंडरेला आधार देते काय?

सर्वसाधारण समजूत अशी की, पट्टी बांधल्याने धावताना कंडरेला बळ मिळते. हा समज तपासून घ्यावा असाच आहे. भरधाव वेगात एका पुढच्या पायावर क्षणभर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. घोडा 450 किलोचा धरला, तर हा भार 1,100 किलोच्या पुढे जातो. कापडाचे चार वेढे त्यातला कितीसा वाटा उचलणार? धावताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायावर आपटल्यास होणारी इजा पट्टी काही प्रमाणात टाळते. तिचा खरा उपयोग एवढाच मानणे योग्य.

उलट बाजूही विचारात घ्यावी लागते. 1994 मध्ये विल्सन व गुडशिप यांनी दौडणाऱ्या घोड्यांच्या कंडरेचे तापमान मोजले, तेव्हा तिच्या गाभ्यात ते 45 अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्याचे आढळले. कंडरेत रक्तपुरवठा मुळात कमी असल्याने ही उष्णता लवकर निघून जात नाही. तशात जाड पट्टी गुंडाळलेली असेल तर ती आणखी कोंडून राहते. म्हणून व्यायाम संपताच पट्टी सोडून पायांवर थंड पाणी मारावे. दमून आलेल्या घोड्याच्या पायात पट्टी तशीच ठेवून स्वार गप्पांत रमतो, हे दृश्य दुर्मीळ नाही.

बांधण्याची रीत

तबेल्यात उभ्या घोड्यास पट्टी बांधावयाची झाल्यास पाय प्रथम स्वच्छ व पूर्ण कोरडा करावा. पट्टीखाली अडकलेली गवताची एक काडीही पुरेसा उपद्रव करते. त्यानंतर सुमारे इंचभर जाडीची मऊ गादी चुणी न पडू देता गुंडाळावी. पट्टी नळीच्या मधोमध सुरू करून खाली व पुन्हा वर न्यावी, आणि प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकावा. गादीची कड पट्टीच्या वर व खाली थोडी बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे पट्टीची धार कातडीत रुतत नाही. वेढे पायाच्या पुढून बाहेरच्या बाजूने मागे न्यावेत, असा प्रघात आहे. वरून पाहता डाव्या पायास ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट व उजव्यास काट्यांच्या दिशेने जातात. तथापि दिशेपेक्षा ताणाची समानता अधिक महत्त्वाची होय. ताण नळीच्या हाडाच्या बाजूने द्यावा, कंडरेवर नव्हे. शेवटची गाठ किंवा चिकटपट्टी बाहेरच्या बाजूस यावी व ती पट्टीहून अधिक घट्ट नसावी. वरच्या कडेतून एक बोट सहज आत गेले पाहिजे.

बांधणाऱ्याने उकिडवे बसावे, गुडघे टेकून कदापि बसू नये. घोडा बिचकल्यास टेकलेल्या गुडघ्यांवरून झटकन बाजूला होता येत नाही.

जखमेवरील पट्टी हा स्वतंत्र विषय असून ती पशुवैद्याच्या सल्ल्यानेच बांधावी. पुढच्या गुडघ्याच्या मागे असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर दाबाने व्रण पडतात. म्हणून संपूर्ण पाय झाकणाऱ्या पट्टीस तेथे चीर देतात. एक पाय जायबंदी असल्यास दुसऱ्यावर अधिक भार येतो, यास्तव त्यालाही पट्टी बांधण्याची पद्धत आहे.

तबेल्यातील पट्टी साधारणतः 12 तासांनी सोडावी, पाय हाताने चाचपून पाहावा आणि गरज असेल तरच पुन्हा बांधावी. पावसाळ्यात भिजलेली पट्टी क्षणभरही ठेवू नये. ती जड होऊन घसरते, घोडा तीत अडखळतो आणि ओल्या कातडीस संसर्ग होतो. घोडा पाय आपटू लागला, पट्टी चावू लागला अथवा पट्टीच्या वर सूज दिसली, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता ती तत्काळ सोडावी.